जिल्हा परिषद शाळेत प्रयोगांचा तास सुरू करताना

सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातील एका लहान गावात पहिली ते पाचवीची आमची जिल्हा परिषद शाळा आहे. पट 62, शिक्षक तीन. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, पाचवी मुख्याध्यापकांकडे. 2023-24 या शैक्षणिक वर्षात आम्ही मुलांच्या हातांनी करायच्या प्रयोगांचा आठवड्याला एक तास सुरू केला आणि तो वर्षभर टिकवला. सुरुवात करताना कोणाला काय विचारावे, पैसे कोठून आणावेत आणि कागदपत्रे कशी करावीत हे मला माहीत नव्हते. त्या वेळी असे काही वाचायला मिळाले असते तर माझे दोन-तीन महिने वाचले असते, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहीत आहे.

15 जूनला शाळा उघडली. पहिल्या आठवड्यात खोल्यांची सफाई करताना कार्यालयातील लोखंडी कपाटामागे एक कुलूपबंद पत्र्याची पेटी सापडली. किल्ली मिळायला दोन दिवस गेले. आत विज्ञान साहित्याचा संच होता: परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा, भिंगे, पट्टीचुंबक, काचेचे लोलक, एक लहान होकायंत्र. बऱ्याच वस्तूंवर कारखान्यातून आलेला कागद तसाच गुंडाळलेला होता. चुंबक गंजले होते आणि टाचणीही उचलत नव्हते. भिंगांवर बुरशीचे डाग होते. संच आल्यापासून गावातील किती मुले ही शाळा शिकून बाहेर पडली असतील, याचा हिशेब मनात आला आणि वाईट वाटले.

ही पेटी बंद का राहिली, हे मला दुसऱ्याच दिवशी कळले. संचातील प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेली होती. बदली झाली की पदभार देताना आणि घेताना ही नोंदवही समोर ठेवून वस्तू मोजल्या जातात. एखादी परीक्षानळी कमी भरली तर त्याचे उत्तर सही करणाऱ्याला द्यावे लागते. मुलांच्या हातात काच दिली की ती कधीतरी फुटणारच, म्हणून एकामागून एक आलेल्या शिक्षकांनी पेटीला कुलूप लावून ठेवले. मी कोणालाही दोष देत नाही, कारण आधीच्या शाळेत मीही हेच केले होते. टेबलावर स्वतः प्रयोग करून दाखवायचा, मुलांनी बाकावरून पाहायचे आणि तास संपला की सारे मोजून कपाटात ठेवायचे, अशी माझी पद्धत होती. माझ्या त्या वर्गातील मुलांना भिंगाची व्याख्या पाठ होती, पण भिंग डोळ्यापासून किती अंतरावर धरावे हे त्यांच्यापैकी कोणालाही सांगता आले नसते.

त्यामुळे पहिले काम साहित्य खरेदीचे नव्हते, नोंदवहीचे होते. मुख्याध्यापक सरांशी बोलून आम्ही 8 जुलैच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत दोन विषय ठेवले. वापरण्याजोगे न राहिलेले जुने साहित्य निर्लेखित करण्याचा, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवणे हा पहिला. पुढे येणारे काचेचे आणि झिजणारे लहान साहित्य जडसंग्रहात न चढवता उपभोग्य साहित्याच्या नोंदवहीत घेणे आणि वापरात ते फुटल्यास तारीख व कारण लिहून कमी करणे हा दुसरा. सभेला समितीतील नऊ पालक आले होते. एका पालकांनी विचारले, “बाई, पोरांकडनं काच फुटली तर पैसं कुणी भरायचं? पोराच्या बापानं का तुम्ही?” मी म्हणाले, कोणीच भरायचे नाहीत, म्हणून तर ठराव हवा आहे. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग अध्यक्ष म्हणाले, “द्राक्षं उतरताना क्रेटीतली चार फुटत्यातच की. लिव्हा ठराव.” ठराव एकमताने मंजूर झाला. वर्षभरात केलेल्या सगळ्या कामांत या ठरावाचा आम्हाला सर्वाधिक उपयोग झाला आणि त्याला एक रुपयाही खर्च आला नाही. तुमच्या शाळेत काही सुरू करायचे असेल तर खरेदीच्या आधी हा ठराव इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या.

निर्लेखनाच्या प्रस्तावाला मात्र वेळ लागला. केंद्रप्रमुखांमार्फत जुलैअखेर पाठवलेला प्रस्ताव ऑगस्टमध्ये परत आला, कारण मी यादीत वस्तू मिळाल्याचे वर्ष आणि मूळ किंमत हे दोन रकाने ठेवले नव्हते. जुन्या नोंदवह्यांतून ते शोधून 21 ऑगस्टला पुन्हा पाठवला. मंजुरीचे पत्र 29 जानेवारीला हातात आले. प्रत्येक वस्तूपुढे नोंदवहीचा पान क्रमांक, वर्ष, किंमत आणि सद्यःस्थिती लिहिलेली असावी आणि सोबत ठरावाची प्रत व छायाचित्रे जोडावीत. पहिल्याच वेळी हे केले असते तर माझे चार आठवडे वाचले असते.

मंजुरीची वाट पाहत बसण्याचे कारण नव्हते. 3 ऑगस्ट, गुरुवार, दुपारच्या सुट्टीनंतरच्या सलग दोन तासिका आम्ही यासाठी ठेवल्या आणि तिसरी, चौथी व पाचवीची मिळून 37 मुले एकत्र बसवली. पहिला विषय तरंगणे आणि बुडणे. पाण्याच्या नऊ बादल्या आणि प्रत्येक गटापुढे बटाटा, खिळा, पेन्सिल, प्लास्टिकचे झाकण, लिंबू, दगड. दहा मिनिटांत वर्गात पाणीच पाणी झाले, दोन मुलांची भांडणे झाली, शेजारच्या वर्गातील बाई काय झाले म्हणून पाहायला आल्या. त्या दिवशी घरी जाताना मी फार निराश होते आणि दुसरा गुरुवारही जवळपास तसाच गेला.

तिसऱ्या आठवड्यात दोन बदल केले आणि तास रुळावर आला. चार मुलांच्या गटात प्रत्येकाला एक काम ठरवून दिले: साहित्य आणणारा, मोजणारा, लिहिणारा आणि आवरणारा, आणि ही कामे दर आठवड्याला फिरती ठेवली. दुसरा बदल असा की वस्तू पाण्यात टाकण्याआधी प्रत्येक गटाने आपला अंदाज वहीत लिहायचा आणि तो लिहिल्याशिवाय बादली मिळायची नाही. अंदाज लिहिला की मुले खेळत नाहीत, वाट पाहतात. लिंबू सालीसकट तरंगते आणि सोलून टाकले की बुडते, हे पाहिल्यावर वर्ग अचानक शांत झाला. सोललेले लिंबू वजनाला हलके असूनही बुडाले, याचा त्यांना राग आल्यासारखे वाटत होते. सालीच्या आतील पांढऱ्या भुसभुशीत थरात हवा असते, हे मी त्या दिवशी सांगितले नाही. पुढच्या गुरुवारी एका मुलीने सालीचा तुकडा पाण्यात दाबून त्यातून निघणारे बुडबुडे सगळ्यांना दाखवले.

सप्टेंबरमध्ये हळद घेतली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि आमच्या वर्गातील पाच-सहा घरी हळदीचे पीक असते, त्यामुळे साहित्याचा खर्च शून्य. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला लावली, सावलीत वाळवली आणि त्याच्या पट्ट्या कापल्या. लिंबू, चिंचेचे पाणी, ताक, मीठ, साखर, अंगाचा साबण, कपड्यांचा सोडा आणि खाण्याचा चुना असे आठ पदार्थ पाण्यात कालवून वाट्यांत ठेवले. साबण, सोडा आणि चुन्याने पट्टी लाल-तपकिरी झाली, बाकीच्यांनी पिवळीच राहिली. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी होते, हे मुलांनीच शोधले. चौथीतील एक मुलगा म्हणाला, “बाई, मुका मार लागल्यावर आजी हळद-चुना लावती, तवा पण लालच होतंय.” दुसरी म्हणाली, गणवेशावर सांडलेल्या आमटीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो. आम्ल आणि आम्लारी हे शब्द मी तासाच्या शेवटी फळ्यावर लिहिले, तेव्हा त्यांना चिकटवायला मुलांकडे आधीच घरातल्या वस्तू होत्या. चुना आणि सोडा वाट्यांत मी स्वतः कालवून दिला, मुलांना ड्रॉपरनेच घ्यायला लावले आणि तास संपल्यावर सगळ्यांचे हात धुवून घेतले. हळदीच्या तासाला चव घेण्यास पूर्ण बंदी ठेवली, अगदी साखरेची वाटी असली तरी.

आता पैशांविषयी. समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेच्या निकषांनुसार 31 ते 100 पट असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 25,000 रुपये असते आणि त्यातील किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. वीजबिल, खडू, दुरुस्ती, कार्यालयीन कागद हे सारे त्यातूनच भागते. आमच्या समितीने विज्ञानासाठी 3,000 रुपयांची मर्यादा ठरवली. अनुदानातून खर्च करता येणारी रक्कम पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर, दिसू लागली ती नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या सुट्टीनंतर. रक्कम लहान असली तरी लेखापरीक्षणात प्रश्न नको म्हणून सांगलीतील तीन दुकानांतून दरपत्रके घेतली. सर्वांत कमी दर 2,980 रुपयांचा होता: दहा भिंगे 600, पट्टीचुंबकाच्या सहा जोड्या 480, चार थर्मामीटर 480, प्लास्टिकची सहा मोजपात्रे 420, तीन ताणकाटे 450, वीस ड्रॉपर 100 आणि स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा 450. थर्मामीटर पाऱ्याचे न घेता लाल द्रव असलेले घ्या, आणि दरपत्रक मागतानाच तसे लिहून द्या, नाहीतर दुकानदार जे हाताशी असेल ते देतात. पट्टीचुंबक आले की विरुद्ध ध्रुव शेजारी ठेवून टोकांना लोखंडी पट्ट्या लावा, पेटीतल्या चुंबकांसारखी त्यांची शक्ती जाणार नाही.

5 डिसेंबरला खरेदीचा आदेश दिला, 22 डिसेंबरला माल आला. पीएफएमएसवरून पैसे देण्यासाठी दुकानदाराची बँक खात्यासह नोंदणी करावी लागते आणि मुख्याध्यापक व अध्यक्ष अशा दोघांच्या मान्यतेने पैसे जातात. याचा अर्थ असा की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून बारा रुपयांचे सेल या मार्गाने घेता येत नाहीत. अशा किरकोळ वस्तूंसाठी आम्ही लोकवर्गणीची स्वतंत्र पावती-वही ठेवली. त्यातून 24 सेल 288, टॉर्चचे 30 बल्ब 240, तार 100 आणि काचेच्या दुकानातून कापून घेतलेले वीस लहान आरसे 300 असा 928 रुपये खर्च झाला. आरशांच्या कडांना चिकटपट्टी लावायचे काम मुलांना देऊ नका, मी आणि शेजारच्या बाईंनी ते एका संध्याकाळी केले. मांडणीसाठी फर्निचर घेतले नाही. द्राक्षाच्या जुन्या प्लास्टिक क्रेट पालकांनी दिल्या, त्या आडव्या रचून भिंतीला तारेने बांधल्या. प्रत्येक क्रेटवर वस्तूचे चित्र आणि संख्या लावली आणि कुलूप कशालाही लावले नाही.

11 जानेवारीला पहिला थर्मामीटर फुटला. गार, कोमट आणि त्याहून थोडे गरम अशा तीन भांड्यांतील पाण्याचे तापमान मोजायचे होते. तिसरीतील एका मुलीच्या हातून तो निसटून फरशीवर पडला. ती जागीच उभी राहिली आणि रडू लागली. तिला कोणी काही बोललेले नव्हते, तरी वर्गातील प्रत्येक मूल माझ्याकडे पाहत होते. त्या क्षणी माझ्याही मनात पहिला विचार 120 रुपयांचा आणि नोंदवहीचाच आला, हे मला मान्य केले पाहिजे. मुलांना मागे सरकवून मी काच कागदावर गोळा केली, उपभोग्य साहित्याची वही सगळ्यांसमोर उघडली आणि मोठ्याने वाचत लिहिले: थर्मामीटर एक, 11 जानेवारी, पाण्याचे तापमान मोजताना फुटला. मग तिच्या गटाला दुसरा थर्मामीटर दिला आणि तो तिच्याच हातात दिला. तिने दोन्ही हातांनी धरून वाचले, 31 अंश. त्यानंतर मुले वस्तू अधिक सांभाळून वापरू लागली, आणि भीतीने मागे राहणारी तीन-चार मुलेही पुढे येऊ लागली.

पुढच्याच गुरुवारी, 18 जानेवारीला, मैदानात एक मीटरची काठी रोवून दर पंधरा मिनिटांनी तिची सावली मोजली. मधली सुट्टी त्यासाठी पुढे ढकलली. बारा वाजता सावली सर्वांत लहान असेल असा जवळजवळ प्रत्येकाचा लेखी अंदाज होता. बाराला ती 81 सेंटीमीटर भरली आणि नंतरही लहान होत राहिली. साडेबारा आणि पाऊण या दोन्ही वेळी ती 77 च्या आसपास होती, त्यामुळे नेमके कोणते माप लहान यावर गटांत वाद झाला, पण बारा वाजता नाही यावर सर्वांचे एकमत झाले. आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालते, आपण त्याच्या पश्चिमेला जवळपास आठ अंशांवर आहोत आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे याप्रमाणे सूर्य आपल्याकडे अर्ध्या तासाहून थोडा उशिरा डोक्याकडे येतो, हे पाचवीच्या मुलांनी नकाशावर बोट फिरवून पाहिले. उरलेल्या आठ-दहा मिनिटांचे कारण पृथ्वीच्या कक्षेत आणि तिच्या आसाच्या कलण्यात आहे. ते मी त्या वयाला सांगितले नाही, मात्र काहीतरी उरले आहे हे जरूर सांगितले.

पाचवीसाठी याच महिन्यात सेलवर चालणारी साधी मोटर केली. विज्ञान खेळणी तयार करणारे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून आकृत्या करण्याची त्यांची कल्पना मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आकाराला आली. 1972 मध्ये सुरू झालेला तो कार्यक्रम खेड्यांतील साध्या सरकारी शाळांसाठीच होता, याचा मला मोठा आधार वाटला. मोटरसाठी तांब्याची तार गावातील मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून फुकट मिळाली आणि चुंबक जुन्या स्पीकरचे. कोणाचीच मोटर फिरेना. तारेवर वार्निशचा थर असतो, तो एका टोकाला पूर्ण आणि दुसऱ्या टोकाला फक्त अर्ध्या बाजूने खरवडावा लागतो. अर्ध्या बाजूचे हे गमक समजायला मला स्वतःला दोन रात्री लागल्या, म्हणून वर्गात घेण्याआधी घरी एकदा करून पाहाच.

फेब्रुवारी हा आमच्याकडे बेदाण्याचा हंगाम. अनेक मुलांचे आई-वडील द्राक्षे वाळवण्याच्या शेडवर असतात आणि उपस्थिती घटते. या वर्षी आम्ही शेडच वर्गात आणले. 12 फेब्रुवारीला अर्धा किलो द्राक्षे एका पालकांनी शेडवरच पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून आणून दिली आणि अर्धा किलो नुसती धुऊन घेतली. द्रावणाला मुलांचा हात लागू दिला नाही. दोन जाळ्यांवर ती वाळत ठेवली आणि दररोज प्रार्थनेनंतर वजन घेतले. 27 तारखेला बुडवलेली 132 ग्रॅम भरली, धुतलेली अजून 310 ग्रॅमवर होती आणि त्यातील काहींना बुरशी आली होती. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो हे मुलांनी घरी हजारदा ऐकले होते. बाकीचे तीन किलो जातात कोठे, हा प्रश्न मात्र वजनाचा तक्ता पाहूनच विचारला गेला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवलेल्या घडाने उत्तर दिले, कारण पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब जमले होते. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, द्रावणामुळे तो पाण्याला वाट देतो आणि म्हणून बुडवलेले द्राक्ष लवकर वाळते. शेडवर आयुष्य घालवलेल्या एका आजोबांनी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, हा तक्ता चौथीच्या मुलीकडून समजावून घेतला आणि तिला दोन ठिकाणी दुरुस्तही केले.

मार्चविषयी एवढेच सांगेन की खर्चाचे जे काही असेल ते फेब्रुवारीअखेर पूर्ण करा. 16 मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, शिक्षकांना प्रशिक्षणाचे आदेश आले, आणि 31 मार्चपूर्वीचे हिशेब त्यातच करावे लागले. आमचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेले ते केवळ डिसेंबरातच देयके दिल्यामुळे. आणखी एक सोय अशी झाली की मुलांच्या गुरुवारच्या वह्या आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनातील प्रयोग आणि उपक्रमांच्या नोंदींसाठी जशाच्या तशा उपयोगी पडल्या, त्यामुळे वेगळे लिखाण करावे लागले नाही.

जुन्या पेटीतील निर्लेखित साहित्याची फुटकी काच फेब्रुवारीत समितीसमोर नष्ट करून पंचनामा लिहिला. पेटी रिकामी झाली, ती आता बादल्या आणि जाळ्या ठेवायला वापरतो.

30 एप्रिलला वर्ष संपताना साहित्याची मोजणी केली. या वेळी ती मी केली नाही. पाचवीची मुले क्रेटमागून क्रेट काढत गेली, एकाने मोजले आणि एकीने वहीत लिहिले. भिंगे नऊ भरली, दहावे शोधायला सगळा वर्ग उठला आणि ते पहिलीच्या खोलीच्या खिडकीत सापडले, तेथे कोणीतरी मुंग्या पाहत होते. चार ड्रॉपर कमी, सहा बल्ब गेलेले, मोजपात्रे सगळी. थर्मामीटरपुढे वही लिहिणाऱ्या मुलीने लिहिले होते: तीन, एक वापरताना फुटला, नवीन आणणे. मी त्याखाली तारीख घातली आणि सही केली.